एकाचे पाच झाले, हिस्सा तेवढाच : शेअर-विभाजन आणि फ्लोटबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न दोन गोष्टींभोवती फिरतात. एक, शेअरचे विभाजन, म्हणजे स्प्लिट. दुसरी, कंपनीच्या एकूण शेअरपैकी बाजारात प्रत्यक्ष खरेदी-विक्रीला मोकळे असलेले शेअर, म्हणजे फ्लोट. पत्रे वाचताना जाणवते, की पुष्कळांच्या मनात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे. म्हणून प्रश्न आले त्या क्रमाने न घेता, उत्तरे एकमेकांना धरून राहतील अशा क्रमाने घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे सरासरी १,२०० भावाने घेतलेले १०० शेअर आहेत. कंपनीने एकाचे पाच केले. सकाळी खाते उघडले तर भाव २४०, शेअर अजून १००च आणि ८० टक्के तोटा! काय बिघडले?

काही बिघडलेले नाही. भाव आणि शेअरची संख्या या दोन गोष्टी एकाच क्षणी बदलत नाहीत, एवढेच. एक्स-डेटच्या, म्हणजे विभाजन भावाला लागू होण्याच्या, दिवशी बाजार उघडतो तो नव्या हिशेबाच्या भावानेच. वाढीव शेअर मात्र डिपॉझिटरीकडून (शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून) खात्यात यायला कधी एक-दोन दिवस, तर कधी त्याहून जास्त दिवस लागतात. तेवढ्या काळात पडदा जुनी संख्या आणि नवा भाव यांचा गुणाकार दाखवतो. शेअर जमा झाले की ५०० गुणिले २४० म्हणजे पुन्हा १,२०,००० होतात.

मधल्या दिवसांत तीन गोष्टी सांभाळा. पहिली, जमा न झालेले ४०० शेअर विकू नका. सौदा होऊन जाईल, पण देण्याच्या दिवशी शेअर खात्यात नसतील आणि तुटीचा भुर्दंड तुमच्यावर येईल. दुसरी, आधीपासून लावून ठेवलेल्या दीर्घ मुदतीच्या ऑर्डरी. समजा, तुम्ही १,१००वर स्टॉप-लॉस, म्हणजे भाव तिथवर उतरला की आपोआप विकण्याची सूचना, लावला होता. काही बाजारांत आणि काही दलालांकडे तो आपोआप २२० होतो, काही ठिकाणी तो रद्द होतो. तो तसाच राहिला तर उघडताक्षणी २४० हा भाव १,१००च्या खाली आहे म्हणून विक्री सुटण्याचा धोका असतो. उपाय सोपा आहे. एक्स-डेटच्या आदल्या दिवशी त्या शेअरवरच्या सगळ्या प्रलंबित ऑर्डरी स्वतः रद्द करा आणि विभाजनानंतर भावाला पाचाने भागून, संख्येला पाचाने गुणून नव्याने लावा. ‘दरमहा १० शेअर घे’ अशी आपोआप चालणारी सूचना दिली असेल तर तीही बदला, नाहीतर पुढच्या महिन्यापासून ठरवलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्श्याचीच खरेदी होत राहील.

तिसरी गोष्ट खरेदीच्या नोंदीची. तुमचा १,२०० हा भाव सरासरी आहे. म्हणजे, उदाहरणार्थ, ४० शेअर ९००ने आणि ६० शेअर १,४००ने घेतलेले असू शकतात. मग विभाजनानंतरच्या नोंदी २०० शेअर १८०ने आणि ३०० शेअर २८०ने अशा व्हायला हव्यात, आणि प्रत्येकीची खरेदीची तारीख जुनीच राहायला हवी. सगळे एकत्र करून ‘५०० शेअर २४०ने’ असे लिहिले की आधी घेतलेले आधी विकले या पद्धतीने कर मोजताना आकडा चुकतो. शेअर एका दलालाकडून दुसऱ्याकडे हलवले असतील तर नव्या दलालाच्या पडद्यावरची खरेदी-किंमत हमखास तपासा. चुका जास्त करून तिथेच सापडतात.

प्रश्न : बोनस आणि विभाजन यांत फरक काय? ४:१ बोनस आणि ५:१ विभाजन यांपैकी जास्त फायदा कशात?

भावावरचा परिणाम दोन्हींचा एकच. ४:१ बोनस म्हणजे एका शेअरमागे चार नवे, हातात एकूण पाच. ५:१ विभाजन म्हणजे एकाचे पाच. त्याच हिशेबाने १:१ बोनस आणि २:१ विभाजन सारखेच. फरक कंपनीच्या वहीत असतो. विभाजनात दर्शनी मूल्य कमी होते (१०चे २ झाले की एकाचे पाच), बोनसमध्ये दर्शनी मूल्य तेच राहते आणि राखीव निधीतली रक्कम भागभांडवलात जमा होते. करासाठी मात्र काही देशांत दोन्हींना वेगळी वागणूक मिळते. भारतात बोनस शेअरची खरेदी-किंमत शून्य धरतात आणि धारण-काळ बोनस मिळाल्यापासून मोजतात; विभाजनात मूळ किंमत भागली जाते आणि मूळ तारीख चालू राहते.

प्रश्न : विभाजनाच्या बातमीने भाव चढतो हे खरे ना? मग घोषणा झाली की लगेच घ्यावा का?

चढतो, बऱ्याचदा चढतो. पण का चढतो, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर पैसे लावू नयेत.

या विषयावरचा गाजलेला अभ्यास १९६९मध्ये फामा, फिशर, जेन्सन आणि रोल या चौघांनी प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क शेअर बाजारातली १९२७ ते १९५९ या काळातली ९४० विभाजने त्यांनी तपासली. त्यांना दिसले ते असे : भावातली जादा वाढ मुख्यतः विभाजनाच्या आधीच्या महिन्यांत होऊन गेलेली असते. विभाजनानंतर ज्या कंपन्यांनी लाभांश वाढवला, त्यांचा भाव टिकला. ज्यांनी तो घटवला, त्यांची आधीची वाढ ओसरली. म्हणजे बाजार विभाजनाला नव्हे, तर व्यवस्थापनाला पुढच्या कमाईबद्दल वाटणाऱ्या भरवशाला किंमत देत होता. भाव पुन्हा कोसळेल अशी भीती असताना कोणी शेअरचे तुकडे करत नाही.

पुढे १९९६मध्ये आयकेनबेरी, रँकिन आणि स्टाइस यांनी १९७५ ते १९९० या काळातली २:१ विभाजने पाहिली. तुलनेच्या शेअरपेक्षा पहिल्या वर्षी सुमारे ८ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के जादा परतावा त्यांना आढळला. हा सरासरीचा आकडा आहे, प्रत्येक शेअरला लागू होणारा नव्हे.

एकट्या शेअरचे काय होऊ शकते, ते टेस्लाने २०२०मध्ये दाखवले. ११ ऑगस्टला ५:१ विभाजनाची घोषणा झाली. ३१ ऑगस्टला ते अमलात येईपर्यंत भाव सुमारे ६० टक्के चढला आणि त्या दिवशी आणखी १२ टक्क्यांहून अधिक. दुसऱ्याच दिवशी कंपनीने ५ अब्ज डॉलरचे नवे शेअर विकण्याचे जाहीर केले. एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात कंपनीचा समावेश झाला नाही, आणि ८ सप्टेंबरला एका दिवसात भाव २१ टक्के पडला. घोषणेच्या दिवशी घेतलेला माणूस तरीही फायद्यात होता. विभाजन झालेल्या दिवशी ‘आता स्वस्त झाला’ म्हणून घेतलेला मात्र आठवडाभरात आपल्या रकमेचा तिसरा हिस्सा कमी झालेला पाहत होता.

प्रश्न : विभाजनानंतर भावाची हेलकावे खाण्याची सवय वाढते की कमी होते? दोन्ही मते ऐकली आहेत.

मोजले तर वाढलेली दिसते. १९८५मध्ये ओल्सन आणि पेनमन यांनी विभाजनाआधीच्या आणि नंतरच्या रोजच्या परताव्यांची तुलना केली, तेव्हा त्यांचे प्रमाण विचलन (परतावे सरासरीपासून किती विखुरतात याचे माप) नंतर सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेले आढळले. कंपनीचा धंदा तोच, कर्ज तेवढेच, मग हेलकावे का वाढावेत? कारणे मुख्यतः बाजाराच्या यंत्रणेत सापडतात.

पहिले कारण भावाच्या किमान पायरीचे. समजा, भाव ०.०५च्या पटीतच बदलू शकतो. शेअर १,०००ला असताना ही एक पायरी ०.००५ टक्का होते, २०ला आल्यावर तीच पायरी पाव टक्का होते. खरेदीदाराचा आणि विक्रेत्याचा भाव यांत किमान एक पायरीचे अंतर राहतेच. शेवटचा सौदा कधी वरच्या भावाला होतो, कधी खालच्या. कंपनीत काही घडलेले नसतानाही भाव त्या दोन पायऱ्यांत उड्या मारतो, आणि टक्केवारीत त्या उड्या आता मोठ्या दिसतात. अमेरिकेत २००१पर्यंत किमान पायरी डॉलरच्या अपूर्णांकांत होती, एके काळी डॉलरचा आठवा भाग. जुन्या अभ्यासांत हा परिणाम ठळक दिसतो यात नवल नाही. पायरी एक सेंटवर आल्यापासून महागड्या शेअरच्या बाबतीत तो खूप घटला आहे. स्वस्त शेअरच्या बाबतीत तो आजही शिल्लक आहे.

दुसरे कारण माणसांचे. भाव लहान झाला की छोट्या रकमेचे सौदे वाढतात, त्यांत बातमीवर उडी मारणारेही येतात. ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काचा, करारही लहान रकमेचा होतो आणि अल्प मुदतीचे लोक तिकडे वळतात. ही गर्दी सहसा काही आठवडे टिकते.

उलट बाजूनेही एक खरी गोष्ट आहे. जिथे ठरावीक गठ्ठ्यानेच शेअर घ्यावे लागतात, तिथे विभाजनाने खरेदीदारांचे वर्तुळ खरोखर रुंदावते. जपानमध्ये १०० शेअरचा गठ्ठा घ्यावा लागतो. निन्टेंडोने ऑक्टोबर २०२२मध्ये एकाचे दहा केले, त्याआधी तो एक गठ्ठा सुमारे ६० लाख येनला पडत होता. अशा ठिकाणी खरेदीदार वाढून भाव थोडा स्थिरावूही शकतो. जिथे शेअरचा अंशही विकत मिळतो, तिथे हा मुद्दा जवळजवळ निकालात निघतो.

प्रश्न : मी स्वतः एक्सेलमध्ये अस्थिरता मोजतो. विभाजनानंतर आकडा वर्षाला ५७० टक्के आला!

तुमच्या यादीत समायोजित न केलेले भाव आहेत. १,२००नंतर २४० आले की सूत्र त्याला एका दिवसातली पडझड समजते. लॉगरिदमने हा परतावा उणे १.६०९ येतो. वीस दिवसांच्या खिडकीत असा एकच आकडा घुसला, की बाकीचे एकोणीस दिवस भाव स्थिर असला तरी रोजचे विचलन सुमारे ३६ टक्के निघते. त्याला २५२च्या (वर्षातल्या कामकाजाच्या दिवसांच्या) वर्गमुळाने गुणले की तुमचे ५७० टक्के. विभाजनाआधीचे सगळे भाव पाचाने भागा, आणि आधीची उलाढालीतली शेअरसंख्या पाचाने गुणा. हा दुसरा अर्धा भाग पुष्कळजण विसरतात, आणि मग ‘विभाजनानंतर उलाढाल पाचपट झाली’ असा शोध लागतो.

याच जातीची चूक किंमत-उत्पन्न गुणोत्तरात होते. दर शेअर उत्पन्न ४० असताना १,२०० भावाला गुणोत्तर ३० होते. एखाद्या संकेतस्थळाने भाव २४० केला आणि उत्पन्न ४०च ठेवले, तर गुणोत्तर ६ दिसते आणि शेअर फुकटात मिळतोय असे वाटते. खरे उत्पन्न आता ८, गुणोत्तर ३०च. विभाजनानंतरच्या काही दिवसांत ‘स्वस्त शेअर’ शोधून देणाऱ्या चाळण्यांवर विसंबू नका.

प्रश्न : विभाजनाने फ्लोट पाचपट होतो, म्हणजे कमी फ्लोटचा धोका संपला, असे आमच्या गटात मत पडले. बरोबर?

नाही. आणि हा गैरसमज महागात पडू शकतो, म्हणून इथे जरा थांबू.

एका कंपनीचे १० कोटी शेअर आहेत, भाव २००. प्रवर्तकांकडे ७४ टक्के, विक्रीबंदीत (ठरावीक मुदतीपर्यंत विकायला मनाई) अडकलेले ११ टक्के, दीर्घ मुदतीच्या भागीदाराकडे ५ टक्के. उरले १० टक्के, म्हणजे १ कोटी शेअर, २०० कोटींचे. आता ५:१ विभाजन झाले. एकूण ५० कोटी शेअर, फ्लोट ५ कोटी, भाव ४०. फ्लोटची किंमत काढा : २०० कोटी. प्रमाण काढा : १० टक्के. कोणी ४ कोटींची खरेदी करायला आला तर त्याला विभाजनाआधी फ्लोटचे २ टक्के लागत होते, आताही २ टक्केच लागतील. प्रवर्तकांचे शेअरही पाचपट झाले आहेत आणि त्यांच्या तिजोरीतच आहेत.

फ्लोट खऱ्या अर्थाने वाढतो तो प्रवर्तकाने हिस्सा विकला, विक्रीबंदी उठली, किंवा कंपनीने नवे शेअर काढून लोकांना विकले तर. पुनर्खरेदीने किंवा मोठ्या धारकाने बाजारातून उचल केल्याने तो घटतो. विभाजन या यादीत नाही. म्हणून फ्लोट नेहमी दोन मापांनी पाहावा, एकूण शेअरच्या टक्क्यात आणि पैशांत. नुसत्या शेअरच्या संख्येवरून ‘हा कमी फ्लोटचा’ असा शिक्का मारणे निरर्थक आहे. बर्कशायर हॅथवेच्या अ वर्गाच्या शेअरची संख्या अगदी थोडी आहे, पण एकेकाची किंमत लाखो डॉलर.

प्रश्न : कमी फ्लोटचा शेअर इतका उसळतो कशामुळे? घेण्याआधी काय तपासावे?

भाव ठरतो तो त्या क्षणी विकायला आणि घ्यायला तयार असलेल्यांत. एकूण शेअर किती, याला तिथे महत्त्व नसते. विकायला आलेला माल थोडा असेल तर मध्यम खरेदीही एकामागून एक वरचे भाव उचलत जाते. त्या भावाला विकणाऱ्या पुढच्या माणसापर्यंत पोचेपर्यंत भाव कितीतरी वर गेलेला असतो. खाली येतानाही हेच, फक्त जास्त वेगाने.

याचे सगळ्यात टोकाचे उदाहरण फोक्सवागनचे. २६ ऑक्टोबर २००८ रोजी पोर्शेने जाहीर केले, की आपल्याकडे फोक्सवागनचे ४२.६ टक्के मताधिकाराचे शेअर आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांचे ऑप्शन. लोअर सॅक्सनी या राज्याकडे २० टक्क्यांहून थोडे अधिक होते. म्हणजे मोकळे उरले जेमतेम ६ टक्के. मंदी धरून, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने, उसने घेऊन विकलेले शेअर त्याच्या सुमारे दुप्पट होते. परत करायला शेअर हवेत आणि बाजारात ते आहेतच कुठे! शुक्रवारी २१० युरोच्या आसपास असलेला शेअर मंगळवारी १,००० युरोच्या वर गेला आणि फोक्सवागन थोड्या वेळासाठी जगातली सर्वांत मोठ्या बाजारमूल्याची कंपनी झाली. पोर्शेने काही हिस्सा मोकळा करायची तयारी दाखवताच भाव बुधवारी अर्ध्याच्या आसपास आला.

दुसरे उदाहरण कमी फ्लोट भाव किती चुकीचा ठेवू शकतो याचे आहे. मार्च २०००मध्ये थ्रीकॉम कंपनीने आपल्या पाम या उपकंपनीचे फक्त सुमारे ५ टक्के शेअर बाजारात आणले. बाकीचे थ्रीकॉमच्या भागधारकांना पुढे वाटायचे होते, एका थ्रीकॉममागे सुमारे दीड पाम. पहिल्या दिवशी पाम ९५ डॉलरवर बंद झाला. म्हणजे थ्रीकॉमचा शेअर किमान १४० डॉलरच्या पुढे हवा होता, पण तो ८२ डॉलरच्या आसपास होता. पाम सोडून थ्रीकॉमचा उरलेला धंदा बाजाराने उणे किमतीचा ठरवला होता. चूक सगळ्यांना दिसत होती, पण पाममध्ये मंदी करायला उसने शेअरच पुरेसे मिळत नव्हते.

तपासणी अशी करा. भागधारणेचा ताजा तक्ता काढा. एकूण शेअरमधून प्रवर्तक, संचालक, सरकार, विक्रीबंदीतले आणि कंपनीने स्वतःकडे ठेवलेले शेअर वजा करा. उरलेल्यात चार-पाच संस्थांकडेच बराचसा माल आहे का ते पाहा. तसे असेल तर कागदावरचा फ्लोट आणि रोज हाती लागणारा फ्लोट यांत मोठा फरक असतो. मग गेल्या साठ दिवसांच्या उलाढालीचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. सरासरी नको, बातमीच्या दोन-तीन दिवसांनी ती फुगते. त्यातही त्याच दिवशी घेऊन विकलेले सौदे वगळता आले तर जास्त चांगले.

आता बाहेर पडायला किती दिवस लागतील ते मोजा. तुम्हाला १२ लाखांचे शेअर घ्यायचे आहेत, मध्यक उलाढाल ४० लाखांची आहे. रोजच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त विकू नये, हा पाळण्याजोगा दंडक. म्हणजे रोज ४ लाख, तीन दिवस. हेच उत्तर पंधरा दिवस आले तर रक्कम कमी करा. आपल्याच विक्रीने भाव किती हलेल, याचा ठोकताळाही आहे : रोजचे विचलन गुणिले (तुमची ऑर्डर भागिले दिवसाची उलाढाल) याचे वर्गमूळ. विचलन ३ टक्के आणि ऑर्डर उलाढालीच्या दहाव्या हिश्श्याची असेल तर सुमारे ०.९५ टक्का. तीच ऑर्डर उलाढालीच्या ४० टक्के असली तर जवळपास १.९ टक्के. हा अंदाज शांत दिवसांचा आहे. जिथे दैनंदिन चढ-उताराला मर्यादा असते, तिथे अशा शेअरला खालचे सर्किट लागले, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकला, की विक्रीची रांग असते आणि घेणारा कोणीच नसतो. त्या दिवशी स्टॉप-लॉस ही केवळ इच्छा असते.

ऑर्डर नेहमी मर्यादित भावाची द्या. बाजारभावाची ऑर्डर कमी फ्लोटच्या शेअरमध्ये, विशेषतः पहिल्या पंधरा मिनिटांत, कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो. आणि एका दिवसातली उलाढाल पूर्ण फ्लोटपेक्षा जास्त दिसली, तर तेच शेअर दिवसभरात अनेकदा हात बदलत आहेत असे समजा. तिथे गुंतवणूकदार जवळपास कोणीच नसतो.

प्रश्न : विक्रीबंदी उठण्याच्या आधी शेअर विकून टाकावा का?

ठरीव उत्तर नाही. बियाँड मीटचा शेअर मे २०१९मध्ये २५ डॉलरला विक्रीस आला, थोड्या फ्लोटवर जुलैत २३०च्या पुढे गेला. २९ ऑक्टोबरला विक्रीबंदी उठली आणि त्या दिवशी तो २२ टक्के पडला. उलट फेसबुकचे सुमारे ८० कोटी शेअर १४ नोव्हेंबर २०१२ रोजी मोकळे झाले, आणि भाव १२ टक्क्यांहून अधिक चढला. तारीख सगळ्यांना ठाऊक होती, विक्रीची भीती आधीच भावात उतरली होती, आणि मंदीवाल्यांना परतखरेदीसाठी माल मिळाला. तारखेइतकेच हे पाहा, की मोकळे होणारे शेअर सध्याच्या फ्लोटच्या किती पट आहेत, ते कोणाकडे आहेत आणि त्यांची खरेदी-किंमत काय. प्रवर्तक सहसा लगेच विकत नाहीत. आरंभीच्या भांडवलदार निधीला मात्र आपल्या गुंतवणूकदारांना पैसे परत करायचे असतात.

प्रश्न : माझ्या एका कंपनीने दहाचे एक केले. हे वाईट लक्षण मानावे का?

बहुतेक वेळा हो. पण कारण पाहा. सिटीग्रुपने मे २०११मध्ये १०चा १ केला. सुमारे २९ अब्ज शेअरचे २.९ अब्ज झाले आणि साडेचार डॉलरचा भाव ४५च्या आसपास दिसू लागला. बँक बुडाली नाही, पण तेवढ्याने शेअर सावरलाही नाही. वर्षअखेरीस तो ३०च्या खाली होता.

छोट्या कंपन्यांचे कारण बहुधा वेगळे असते. अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात भाव सलग ३० कामकाजाच्या दिवसांत एका डॉलरखाली राहिला तर नोटीस मिळते आणि सुधारायला १८० दिवस. मग उलटे विभाजन करून भाव उचलला जातो. फ्लोटमधल्या शेअरची संख्या एकदम आटते, ‘कमी फ्लोट’ म्हणून सट्टेबाज धावतात, भाव दोन-तीन दिवस उसळतो, आणि त्याच उसळीत कंपनी नवे शेअर विकते. तोटा चालूच असल्याने पैसा संपतो, भाव पुन्हा गळतो, पुन्हा उलटे विभाजन. गेल्या पाच वर्षांत एकूण शेअरची समायोजित संख्या किती पटीने वाढली, हा एक आकडा अशा कंपनीबद्दल पुरेसे सांगतो.

तुमचे ४७ शेअर असतील तर ४.७ होतील. सहसा ४ शेअर मिळतात आणि ०.७चे रोख पैसे. दहापेक्षा कमी शेअर असलेल्या धारकाला फक्त रोख मिळते, म्हणजे त्याच्या इच्छेविरुद्ध विक्री झाली. करात तिची नोंद करायला विसरू नका.

प्रश्न : ऑप्शन आणि निर्देशांकांवर विभाजनाचा परिणाम होतो का?

पूर्ण पटीच्या विभाजनात ऑप्शनचा हिशेब सरळ असतो. १०:१ झाले की १,२०० स्ट्राइकच्या (करारात ठरलेल्या भावाच्या) एका कराराचे १२० स्ट्राइकचे दहा करार होतात. ३:२ असेल तर अमेरिकी पद्धतीत करार एकच राहतो, त्यामागे १०० ऐवजी १५० शेअर येतात आणि ९०ची स्ट्राइक ६० होते. उलट्या विभाजनानंतरचे समायोजित करार शक्यतो लवकर निकाली काढा. त्यामागे १०० ऐवजी १०च शेअर असतात आणि खरेदी-विक्रीतले अंतर फार रुंदावते.

निर्देशांकांचे म्हणाल, तर बहुतेक मोठे निर्देशांक आता मोकळ्या शेअरच्या बाजारमूल्यावर चालतात. सेन्सेक्स सप्टेंबर २००३पासून, एस अँड पी ५०० २००५पासून. त्यांत विभाजनाने वजन बदलत नाही, प्रवर्तकाने हिस्सा विकला तर बदलते. डाऊ जोन्स मात्र शेअरच्या भावावर चालतो. अ‍ॅपलने ३१ ऑगस्ट २०२०ला एकाचे चार केले तेव्हा भावांच्या बेरजेला ज्याने भागतात तो भाजक बदलून निर्देशांकाची पातळी राखली गेली, पण अ‍ॅपलचे त्यातले वजन आधीच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आले. तंत्रज्ञान कंपन्यांचा कमी झालेला वाटा भरून काढायला त्याच दिवशी सेल्सफोर्सला आत घेतले. एक्झॉनमोबिल बाहेर गेली.